पावसाळा पार केलेला नर

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत, माणदेशात, तो ५०० च्या आसपास येतो. मेंढीचा मुलूख हा दुसरा. दिवाळीनंतर कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला उतरणारे धनगरांचे वाडे वळवाचे ढग दिसू लागले की पूर्वेची वाट धरतात. जे धनगर घाटमाथ्यावर कायमचे राहिले, त्या डंगे आणि गवळी धनगरांनी मेंढरं नव्हे, म्हशी-गाई सांभाळल्या. या निवडीमागे कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. पावसाच्या डोंगरात मेंढी पाळायचा विचार करणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडत असेल, तर मेंढीच्या नादाला लागू नका. म्हैस पाळा, किंवा कोकण कन्याळसारखी त्या हवेत वाढलेली शेळी पाळा. हा लेख त्या अतिपावसाच्या मुलखाच्या पूर्वेच्या पट्ट्यासाठी आहे. घाटाच्या कुशीतून पठाराकडे येताना हजार ते दोन हजार मिलीमीटर पावसाची गावं लागतात. तिथे उतारावर गवत भरपूर असतं आणि खाचरात भात असतो. या गावांतून आता अनेक कुटुंबं वीस-चाळीस मेंढ्या घेऊन बारमाही एका जागी राहू लागली आहेत. रस्ते, कुंपणं आणि मुलांच्या शाळा यांमुळे फिरतीची वाट अवघड झाली. मेंढी मात्र तीच राहिली, पावसाळ्यात पूर्वेला जाणारी दख्खनी. तिला आपण पावसात थांबायला लावलं, तर थांबू शकेल अशी मेंढी घडवण्याची जबाबदारीही आपली आहे.

पाऊस मेंढीला थेट मारत नाही. दख्खनी मेंढी काटक असते, भिजली म्हणून लगेच कोसळत नाही. तिला तीन गोष्टी मारतात: ओल्या जमिनीने मऊ पडून कुजणारे खूर, ओल्या गवतावरून पोटात जाणारे जंत, आणि ओल्या वाड्यात गारठून जाणारं कोकरू. तिन्हींवर औषध, इंजेक्शन, शेड असे उपाय आहेत आणि ते करायलाच हवेत. पण दरवर्षी तेच उपाय वाढत्या खर्चाने करावे लागत असतील, तर चूक पैदाशीत आहे असं समजावं.

हे सगळ्यांत नीट कुणी ओळखलं असेल तर न्यूझीलंडच्या डोंगराळ भागातल्या मेंढपाळांनी. तिथे मांस आणि लोकर दोन्हींसाठी रोमनी ही जात होती. तिचं मूळ इंग्लंडमधल्या केंट परगण्याच्या दलदलीच्या किनारपट्टीत, त्यामुळे ओल्या जमिनीची तिला सवय होती. पण डोंगर फोडून, जंगल साफ करून जे चढ-उताराचे गवताळ पट्टे तयार झाले, तिथे ती जड आणि सुस्त ठरू लागली. पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक जेफ्री पेरेन यांनी रोमनी मेंढ्यांवर शेव्हियट नर सोडले. शेव्हियट ही स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या डोंगरातली चपळ मेंढी. त्या संकरातून पुढे आपापसात पैदास करत पेरेंडेल ही जात स्थिर झाली. १९६० मध्ये तिची संस्था निघाली. अंगाने मध्यम, चढ चढून वरचं गवत खाणारी आणि माणसाच्या मदतीशिवाय विणारी, अशी ती मेंढी आहे. लिंकन महाविद्यालयातले प्राध्यापक इयान कूप यांनी बॉर्डर लेस्टर आणि रोमनीच्या संकरातून कूपवर्थ घडवली. १९६८ मध्ये निघालेल्या कूपवर्थच्या संस्थेने पैदासकारांवर एक अट घातली: नोंद ठेवलीच पाहिजे. कोणत्या मेंढीला किती कोकरं झाली, किती जगली, किती वजनाची झाली, याची नोंद नसेल तर नराला जातीचा शिक्का नाही. दिसण्यावरून निवड बंद करण्याचा हा धीट निर्णय होता. मला यातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट संकर ही वाटत नाही, ही अट वाटते.

भारतातही एक उदाहरण आहे. निलगिरीच्या डोंगरात, दोन्ही मान्सूनचा पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात, १९ व्या शतकात कोइमतूरच्या स्थानिक मेंढ्यांवर टास्मानियन मेरिनो, शेव्हियट आणि साउथडाउन यांचे नर सोडले गेले. त्यातून निलगिरी ही मांस आणि बारीक लोकर देणारी जात तयार झाली. उटीजवळच्या सँडिनल्ला इथल्या केंद्रात तिचं जतन चालू आहे. पण लोकरीचा बाजार आटला, डोंगरावर चहा आणि भाजीपाला आला, आणि आज ती थोडक्या संख्येने उरली आहे. जात चांगली असून भागत नाही, तिच्या दोन उत्पन्नांपैकी एक तरी पक्कं असावं लागतं.

आपल्याकडे हे उत्पन्न मांसाचं आहे. दख्खनीची लोकर जाडी, काळी आणि थोडी. वर्षाला अर्धा किलोच्या आसपास. सणगर तिची घोंगडी विणतात. पण आज कितीतरी गावांत कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. म्हणून लोकर नसलेली मेंढी बरी, असा एक सूर ऐकू येतो. कोरड्या मुलखापुरता तो पटतो. पावसाच्या डोंगरात मात्र लोकर विकायच्या आधी मेंढीच्या अंगावर कामाची असते. लांब, जाड्या केसांची, मोकळी लोकर पाणी ओघळून टाकते. दाट, बारीक लोकर ते धरून ठेवते, मग कातडीवर पाणी साचतं, लोकर कुजते, वास सुटतो, माश्या बसतात आणि किडे पडतात. मेरिनोला ओल्या हवेत होणारा हा जुना त्रास आहे. दख्खनीवर मेरिनो आणि रॅम्बुले यांचे संकर झाले ते लोकर बारीक व्हावी म्हणून. डोंगरात तो मार्ग धरू नका.

लोकरीची परीक्षा सोपी आहे. जुलैमध्ये दिवसभराच्या पावसानंतर मेंढी आत घेतली की खांद्यामागे आणि कमरेवर लोकर दोन्ही हातांनी फाकवून बघा. वर चिंब असूनही तळाशी कातडी कोरडी असेल तर ती लोकर ठेवण्याजोगी. तळापर्यंत ओल असेल, खपली धरली असेल, कुबट वास येत असेल, तर त्या मेंढीची नोंद करून ठेवा. तोंड, पोट आणि पाय उघडे असलेले चांगले. रोमनीच्या पैदासकारांनीही तोंडावर लोकर दाटलेल्या मेंढ्या हळूहळू बाजूला काढल्या, कारण डोळ्यांवर लोकर आलेली मेंढी नीट चरत नाही. दख्खनीचं तोंड मुळातच उघडं असतं, तेवढं ते टिकवायचं. उन्हाळी कातरणी एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात उरकावी, म्हणजे पाऊस लागेपर्यंत अंगावर बोटभर लोकर येते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कळपात पैदाशीचा नर कसा ठरतो, याकडे जरा बारकाईने बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोकरं होतात. त्यांतलं जे झपाट्याने वाढतं, थोराड दिसतं, त्याला तीन-चार महिन्यांत व्यापारी चांगला भाव देतो आणि ते जातं. बाजारात मागे पडलेलं कोकरू कळपात राहतं आणि पुढे तेच मेंढ्यांवर नर म्हणून चालतं. म्हणजे कळपातला सर्वांत चांगला जनुकसाठा आपण दरवर्षी कसायाकडे पाठवतो. हातात पैसा लागतो, हे खरं आहे आणि त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. पण नर कोकरांपैकी चांगली सात-आठ मागे ठेवणं झेपण्याजोगं आहे. ती मागे ठेवा, आणि दसऱ्यापर्यंत ठेवा.

दसऱ्यापर्यंत अशासाठी की त्यांना एक पावसाळा पार करू द्यायचा आहे. नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं कोकरू ऑगस्टमध्ये आठ-नऊ महिन्यांचं असतं. आईकडून मिळालेली ताकद संपलेली असते, स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होत असते, आणि गवतावर जंतांचा मारा वर्षातला सर्वांत जास्त असतो. याहून चांगली परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही. फेब्रुवारीत दूध तोडताना सगळीच कोकरं चांगली दिसतात. खरा फरक भाद्रपदात दिसतो.

जंतांचं गणित समजलं की हे पटेल. आपल्या हवेत मेंढीला सर्वाधिक छळणारा जंत म्हणजे चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा गोलकृमी. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी टाकते. उबदार, ओल्या हवेत आठवडाभरात त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवताच्या पात्यावर चढतात, मेंढीच्या पोटात गेल्या की साधारण तीन आठवड्यांत त्या स्वतः अंडी घालू लागतात. म्हणजे औषध देऊन तेच गवत चारलं, तर महिन्याभरात मेंढी पुन्हा तिथेच. सगळ्या कळपाला वरचेवर एकच औषध पाजत राहिलं की त्या औषधाला दाद न देणारे जंत तेवढे उरतात. दुसऱ्या बाजूला, एकाच कळपात, एकाच गवतावर, थोडीच जनावरं बहुतेक अंडी टाकत असतात. काही मेंढ्या जंत पोसतात आणि काही त्यांना जमू देत नाहीत. हा गुण बापाकडून-आईकडून कोकरात उतरतो. जनावरांमधल्या फरकाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वंशातून येतो, म्हणजे निवडीला पुरेसा वाव आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात पैदासकार लेंडीतली अंडी मोजून नर निवडतात, त्याला आता काही दशकं झाली.

आपण काय करायचं? पावसाळाभर दर दोन आठवड्यांनी प्रत्येक जनावराची खालची पापणी उलटून रंग बघायचा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबीला लक्ष ठेवा, पांढरट असेल तर लगेच औषध. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचं कार्ड तयार झालं, फमाचा नावाचं. आपल्या पशुवैद्यकांना ते माहीत आहे, त्यांच्याकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं. जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसेपर्यंत थांबू नका. कुणाला कधी औषध दिलं, ते कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासमोर वहीत लिहा. औषध रोखून जनावराची परीक्षा घ्यायची नाही, आजाऱ्याला औषध द्यायचंच. फक्त ज्या नर कोकराला त्या पावसाळ्यात औषध लागलं, त्याचं नाव पैदाशीच्या यादीतून कमी करायचं.

मग ऑगस्टअखेर, शेवटच्या जंतनाशकानंतर किमान चार आठवडे गेलेले असताना, उरलेल्या नरांच्या लेंड्यांचे नमुने घ्यायचे. जमिनीवरून उचललेल्या नकोत, गुदद्वारातून घेतलेल्या ताज्या, प्रत्येकाची वेगळी पिशवी, त्यावर नंबर. त्याच दिवशी थंड ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत किंवा शिरवळसारख्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला द्यायचे. ग्रॅममागे किती अंडी, हा आकडा मिळतो. एकाच दिवशी, एकाच कळपातल्या, एकाच वयाच्या नरांचे आकडेच एकमेकांशी ताडून बघा. दुसऱ्या गावच्या आकड्याशी तुलना निरर्थक असते. ज्यांची अंडी कमी निघाली त्या अर्ध्यांतून वजनाने पुढे असलेला नर निवडा. नुसता जंतांना दाद न देणारा पण किडकिडीत नर कामाचा नाही, पोट तर मांसावरच भरायचं आहे.

खुरांची पाहणीही त्याच वहीत. सप्टेंबरमध्ये प्रत्येक जनावर पालथं करून चारही खूर बघा. दोन नख्यांमधली कातडी लाल, ओली आहे का, नखी सुटून आत घाण वास आहे का, टाच सरळ आहे का. झिंक सल्फेटचं द्रावण, दहा लिटर पाण्यात एक किलो, उथळ हौदात करून त्यात दहा-पंधरा मिनिटं मेंढ्या उभ्या कराव्यात. मोरचूदही चालतं, पण मेंढी तांब्याला फार नाजूक असते, हौदातलं पाणी तिने पिऊ नये याची काळजी घ्या. एका पावसाळ्यात दोनदा खूर कुजलेली मेंढी, ती कितीही देखणी असो, दसऱ्यानंतर बाजारात न्यावी. तिचं कोकरू नर म्हणून कधीही ठेवू नये.

देखणेपणावरून आठवलं. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी तिच्या पोपटासारख्या बाकदार नाकासाठी प्रसिद्ध आहे. उंच, वेगाने वाढणारी, कोरड्या मुलखातली सुंदर जात. तिच्या नराला नाकावरून मोठा भाव येतो. मला त्या पैदासकारांच्या नजरेचं कौतुक आहे. पण पाटण-आजऱ्याकडच्या शेतकऱ्याने त्या भावाला भुलून डोंगरात माडग्याळ नर आणला, तर त्याच्या पोरींचे पाय आणि पोट यांची परीक्षा ऑगस्टमध्ये होईल, नाकाची नव्हे. दख्खनीतच कोल्हापूरकडचा जो प्रकार आहे, तो आपल्या हवेला जवळचा. सुरुवात तिथून करावी.

मोठ्या अंगाच्या मोहाबद्दल एक हिशेब मांडतो. समजा २८ किलोची मेंढी तीन महिन्यांत १४ किलोचं कोकरू देते आणि ४० किलोची १६ किलोचं. दुसरं कोकरू मोठं दिसतं. पण ४० किलोच्या मेंढीला स्वतःला जगायलाच साधारण तीस टक्के जास्त चारा लागतो आणि कोकरू मिळालं चौदा टक्के जास्त. त्याच डोंगरावर लहान मेंढ्या जास्त ठेवल्या असत्या तर मांस जास्त निघालं असतं. म्हणून साधा ताणकाटा विकत घ्या, नव्वद दिवसांचं कोकराचं वजन करा आणि ते आईच्या वजनाशी ताडून बघा.

जुळ्यांचा प्रश्न इथेच येतो. सुंदरबनच्या दलदलीत गुडघाभर पाण्यात चरणारी गारोळ ही जेमतेम बारा-पंधरा किलोची मेंढी दोन-तीन कोकरं सहज देते. १८ व्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्या अशाच मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तिथल्या बूरूला मेरिनोत तो गुण उतरला. त्यामागचं जनुक २००१ मध्ये नेमकं ओळखलं गेलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ आणून दख्खनीशी संकर केला, पुढे निवड करत नारी सुवर्णा ही मेंढी घडवली. एरवी एकच कोकरू देणाऱ्या दख्खनीत या जनुकाची एक प्रत आली की सरासरी दीडच्या पुढे जाते. त्याच संस्थेच्या कामात गारोळच्या संकरांनी दख्खनीपेक्षा जंतांची कमी अंडी टाकली, हे आपल्यासाठी तितकंच मोलाचं. मात्र गारोळचं रक्त जास्त झालं की अंग लहान होतं.

डोंगरात हे जनुक आणावं का? चारा, सुकी जागा आणि घरातलं एक माणूस विण्याच्या काळात मोकळं असेल तर जरूर आणावं. तसं नसेल तर आधी एकाची जगवणूक शंभरातली पंचाण्णव करा. दोन जन्मून एक मेलं, तर आई थकली आणि हाती एकच आलं. नर विकत घेताना जनुकाची तपासणी केलेला घ्या, आणि कळपातल्या सगळ्या मेंढ्यांवर एकाच वर्षी न सोडता चांगलं दूध असलेल्या, थोराड मेंढ्यांवर सोडा.

वेळापत्रक पावसाभोवती बसवायचं. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. मृगाच्या पावसाने हिरवळ फुटली की मेंढ्या अंगाने भरतात आणि माजावर येतात. जूनच्या मध्याला नर सोडा, वीस-पंचवीस मेंढ्यांमागे एक, पाच-सहा आठवडे ठेवून बाहेर काढा. नोव्हेंबरच्या मध्यापासून कोकरं येतील, तेव्हा पाऊस संपलेला असतो, वाडा सुका असतो, बांधावर गवत आणि घरात भाताचा पेंढा असतो. दूध तोडायची वेळ चारा आटायच्या आत, फेब्रुवारीत येते. नर सोडल्यापासून अडीच महिने, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, मेंढ्यांना अल्बेंडाझोल देऊ नका, गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात ते गर्भाला बाधतं. दुसरं कोणतं द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारा. आंत्रविषार, पीपीआर, नीलजिव्हा यांच्या लशी मेअखेरीस उरका.

निवड कितीही चांगली असली तरी दोन सवयी पाळाव्या लागतात. रात्री मेंढ्या चिखलात बसता कामा नयेत. बांबू किंवा लाकडी पट्ट्यांचं, फूट-दीड फूट उंच मचाण करा, पट्ट्यांमध्ये दीड-दोन सेंटीमीटर फट ठेवा. खाली पडणाऱ्या लेंडीचं खत भातशेतीला जातं. आणि चराईत म्हशी-गाईंशी आलटपालट करा. मेंढीचे हे जंत म्हशीच्या पोटात फारसे टिकत नाहीत, त्यामुळे म्हशींनी चरलेला तुकडा मेंढीसाठी बराच स्वच्छ होतो. भातखाचरातल्या पाणथळ कडा मात्र पूर्ण टाळा, तिथल्या गोगलगाईंतून यकृतातला चपटा कृमी येतो.

व्यायला बसलेल्या मेंढीकडे दुरून लक्ष ठेवा. जी स्वतः विते, चाटते, कोकराला सडाला लावते, ती ठेवण्याजोगी. जिचं कोकरू ओढून काढावं लागलं, जिने कोकरू टाकलं, तिला त्या वर्षी सांभाळा आणि पुढच्या हंगामाआधी विका. पेरेंडेलचं नाव झालं ते बरंचसं अशा काटेकोर छाटणीवर.

वीस-तीस मेंढ्यांच्या एका कळपात ही निवड फार पुढे जात नाही. नर तेच ते, पोरींवर बाप चालतो, अंग खुजं होतं. न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गट करून प्रत्येकाच्या सर्वोत्तम मेंढ्या एका ठिकाणी आणल्या आणि त्यातून सगळ्यांना नर पुरवले. आपल्या वाडी-वस्तीत पाच-सहा घरं मिळून हे लहान प्रमाणात होऊ शकतं. प्रत्येकाने तीन पावसाळे खूर-जंतांच्या तक्रारीविना काढलेल्या आणि दरवर्षी कोकरू जगवलेल्या दोन-तीन मेंढ्या द्यायच्या. पंधरा मेंढ्यांचा तो कळप ज्याची जागा सर्वांत ओली आहे त्याच्याकडे ठेवायचा, खर्च वाटून घ्यायचा, आणि मेंढ्या ज्याच्या त्याच्या नावावर राहू द्यायच्या. पहिला नर राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाकडून किंवा फलटणहून घेता येईल. पुढचे सगळे नर त्या कळपात जन्मलेले आणि तिथलाच पावसाळा पार केलेले असावेत. घरोघर दिलेला नर दोन हंगामांनंतर पुढच्या घरी जाईल, त्याच्या पोरी माजावर यायच्या आत. कोणता नर कुणाकडून कुणाकडे गेला, याची यादी एकाच वहीत, एकाच माणसाच्या हाती राहू द्या, आणि दरवर्षी मेअखेरीस, नर सोडायच्या पंधरा दिवस आधी, सगळ्यांनी एकत्र बसून ती तपासा.